भोकरदनचा पलिष्टी

याकोब मास्तरांचे शेवटचे कीर्तन ऐकायला मी जानेवारीत पुण्याहून जालना जिल्ह्यात गेलो होतो. ते कीर्तन दोन वेळा झाले. दुसऱ्या वेळी बहुतेक श्रोत्यांना कीर्तन सुरू झाले आहे हेच काही वेळ कळले नाही.

मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. जाफराबाद तालुक्यात पूर्णा नदीच्या अंगाला एक गाव आहे, तिथे वीसेक ख्रिस्ती घरे आहेत. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरी केली आणि चर्चमध्ये चाळीस वर्षे कीर्तन केले. ज्यांनी ख्रिस्ती कीर्तन ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेटी, तबला, झांज, खांद्यावर उपरणे, आधी पूर्वरंग, मग आख्यान, सगळे आपल्या ओळखीचेच असते. फक्त आख्यान हरिश्चंद्राऐवजी बायबलातल्या शौल राजाचे किंवा दावीदाचे असते. मास्तरांची खासियत पूर्वरंगात होती. राजाची गोष्ट सांगण्याआधी ते त्याच्या शेजाऱ्यांची सांगत. तीन हजार वर्षांपूर्वी इस्राएलात पहिला राजा झाला, तेव्हा समुद्राकडे कोण होते, वाळवंटाकडे कोण, लोखंड कोणाकडे होते, लाकूड कोणाकडे. "राजा कळायचा तर आधी त्याचा बांध कोणाकोणाला लागून हाय ते बघा," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

नऊ वर्षांपूर्वी मी एका मराठी दैनिकात असताना त्यांच्या कीर्तनावर लिहिले होते. त्यानंतर संबंध राहिला नव्हता. डिसेंबरच्या शेवटी त्यांची मुलगी रूथ हिचा फोन आला. मास्तरांच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावे लागणार होते. सोमवारी भरती, बुधवारी शस्त्रक्रिया. त्याआधीच्या रविवारी ते कीर्तन करणार होते.

"पप्पांनी तुम्हाला मुद्दाम बोलवलंय," ती म्हणाली. "काम आहे म्हणतात. मला सांगत नाहीत."

शुक्रवार. बदनापूर ते पूर्णाकाठ

रूथ बदनापूरला परिचारिका आहे. तिची ड्युटी संपल्यावर आम्ही निघालो. जालन्याच्या अलीकडे भंगाराने भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती. पोलादाच्या कारखान्यांना लागणारे ते लोखंड: गंजलेल्या खिडक्या, मोडके नांगर, सायकलींचे सांगाडे. जाफराबादकडच्या रस्त्याला लागल्यावर तुरीची कापणी दिसू लागली. कापसाच्या वाळल्या पळाट्यांचे ढीग बांधावर रचले होते. हरभरा घाट्यांवर आला होता.

मास्तरांच्या घरी जेवणात बाजरीची भाकरी आणि येसरची आमटी होती. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेले पीठ. पुण्यात आमटी डाळीची असते, इथे डाळ नसली तरी आमटी होते. मी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या संपवला. मास्तर हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसता वारा होता.

त्यांचा आवाज वाळल्या पाल्यावरून कोणी चालावे तसा झाला होता. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितले होते. त्यांनी काम सांगितले ते तुटक वाक्यांत.

"तुम्ही आल्तात तवाचं कीर्तन आठवतं का?"

आठवत होते. आख्यान शौलाचे होते. पूर्वरंगात लोखंडाची गोष्ट आली होती. पलिष्टी लोक समुद्रकाठच्या पाच नगरांत राहत. लोखंडाचे कसब त्यांच्या हातात होते आणि त्यांनी इस्राएलात एकही लोहार ठेवला नव्हता. शेतकऱ्याला फाळ, कुऱ्हाड, कुदळ पाजवून घ्यायची तर डोंगर उतरून पलिष्ट्यांच्या दारात जावे लागे. तेवढे सांगून मास्तर थांबले होते आणि पेटीवर बसलेल्या माणसाकडे बघून म्हणाले होते, "मंडळी, आपल्या गावाचं तरी काय निराळं हाय? आपला पलिष्टी भोकरदनला दुकान थाटून बसलाय!"

चर्च हसले होते. मीही हसलो होतो.

पेटीवरचा माणूस शिमोन. मास्तरांना तीस वर्षे साथ करणारा. गावातली लोहाराची भट्टी बंद पडल्यावर त्याने लोखंडाचे काम शिकून घेतले होते आणि कीर्तनाच्या त्याच वर्षी भोकरदनला वेल्डिंगचे दुकान काढून तो तिकडे राहायला गेला होता. त्या दिवशी त्याने कीर्तन संपेपर्यंत पेटी वाजवली. एकही सूर चुकला नाही. संपल्यावर भाता मिटला, पेटी उचलली आणि गेला. पुन्हा आला नाही.

"त्याच्या पोरीच्या लग्नात बी त्याच नावानं चिडवलं लोकानं," मास्तर म्हणाले. "मी गेल्तो. त्यानं मला जेवाय वाढलं. बोलला न्हाई."

"तुम्ही माफी मागितली नाही?" मी विचारले.

"घरी जाऊन मागता येत न्हाई, साहेब. कीर्तनात घातलेलं नाव कीर्तनातच काढावं लागतं. आणि तो माणूस समोर बसलेला पाहिजे. आमच्यात तसंच हाय." ते थोडे थांबले, पाणी प्यायले. "मला वाटायचं, येईल पुढच्या वर्षी. मंग त्याच्या पुढच्या वर्षी. आता रविवार हाय फक्त."

रूथ दारात उभी होती. "पप्पा, बस्स."

"तुम्ही जाऊन बोलवा त्याला," मास्तर मला म्हणाले. "गावातलं कोणी गेलं तर तो दारातूनच माघारी लावून देतो."

त्यांनी मलाच का निवडले हे त्यांनी सांगितले नाही. मला ते माहीत होते. नऊ वर्षांपूर्वीच्या माझ्या लेखात ते वाक्य मी चौकटीत घेतले होते.

शनिवार. भोकरदन

जाफराबादहून भोकरदनला काळीपिवळी जीप जाते. मला चालकाच्या शेजारी, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून बसायला मिळाले. प्रत्येक गिअरला चालक "साहेब, जरा" म्हणत होता आणि मी गुडघा हलवत होतो. मागे कोणीतरी गुळाची भेली ठेवली होती, तिचा गूळ माझ्या सदऱ्याला लागला होता असे नंतर कळले.

भोकरदन जुने गाव आहे. केळणा नदीकाठी दोन हजार वर्षांपूर्वी इथे भोगवर्धन नावाची पेठ होती आणि इथला माल लांब जात असे. आता बाजार समिती, शाळा, खतांची दुकाने. मी तीन ठिकाणी शिमोनच्या वेल्डिंगच्या दुकानाची चौकशी केली. कोणालाच माहीत नव्हते. चौथ्या ठिकाणी, एका टायरवाल्याकडे, मी तो शब्द वापरला.

"पलिष्टी व्हय! मंग तसं बोला ना. सरळ जा, पाण्याच्या टाकीपासून डाव्या हाताला."

दुकानावर पाटी होती. पिवळ्यावर लाल अक्षरांत: पलिष्टी वेल्डिंग वर्क्स.

शिमोन सत्तरीचा, बुटका, रुंद हाताचा माणूस. दगडी चाकावर कुऱ्हाड धरून बसला होता. तीन शेतकरी वाट बघत उभे होते. त्याने मला लगेच ओळखले.

"या. पलिष्ट्याला बोलवायला पेपरवाला पाठवला का?"

मी मास्तरांची तब्येत सांगितली. सोमवारची भरती सांगितली, सकाळच्या नऊच्या एसटीने ते भोकरदनहूनच संभाजीनगरला जाणार आहेत हेही सांगितले. तो ऐकत होता. चाक थांबले नाही.

"ही पाटी?" मी विचारले.

"पोरानं लावली. म्हणला, बापू, नाव तर पडलंच हाय, गिऱ्हाईक त्याच नावानं येतं, रंगवून टाकू. इथल्या लोकाला काय माहीत पलिष्टी म्हणजे काय. त्याह्यला वाटतं आडनाव हाय." त्याने कुऱ्हाडीची धार अंगठ्याने आडवी तपासली. "एक जण तर म्हणला, तुम्ही पलिष्टी म्हणजे गुजरातकडले का?"

उभे असलेले तिघे हसले. त्यातल्या एकाने विचारले, "मंग कुठलं हाय ते?"

"समुद्राकडलं," शिमोन म्हणाला.

चौकटीचे मी सांगितले. ते वाक्य मी निवडले होते, मोठ्या अक्षरात लावायला मी सांगितले होते. त्याने पहिल्यांदा चाक थांबवले.

"मास्तर शंभर-दीडशे माणसात बोलले. घरची माणसं. हसले, विसरले असते. तुम्ही किती लोकाला सांगितलं?"

उत्तराची वाट न बघता तो पुढच्या शेतकऱ्याचा कोयता घेऊन बसला.

त्याची बायको मार्था मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. मला बशी देताना हळू म्हणाली, "ते येणार न्हाईत, भाऊ. पण तुम्ही आलात ते बरं केलं." मागच्या भिंतीला फळीवर एक मोठे गाठोडे होते, जुन्या सतरंजीत बांधलेले. पेटीच्या आकाराचे.

मी निघताना शिमोनने विचारले, "आख्यान कोणतं लावलंय? शौलाचंच?"

"इत्तयाचं."

"ते कधी केलं न्हाई त्यांनी." त्याने कोयता चाकावर उलटा धरला. मग म्हणाला, "अवघड हाय ते. सुरुवातीचा सूर खाली धरावा लागतो."

येतो म्हणाला नाही. येत नाही असेही म्हणाला नाही. मी गावी परतून मास्तरांना हे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी सुराबद्दलचे वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

रविवार. चर्च

चर्च म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांब खोली. पुण्यात कीर्तनाला आता खुर्च्या मांडतात. इथे सतरंज्या होत्या, आणि मधली जागा मोकळी ठेवून लोक भिंतीला टेकून बसले होते. ती मोकळी जागा नकाशासाठी होती.

नकाशा बियाण्यांचा. मास्तर दरवर्षी तो स्वतः मांडतात. या वेळी गुडघे टेकवत नव्हते म्हणून काठीने खुणा करत होते आणि रूथ मूठ सोडत होती. पश्चिमेला समुद्रकाठी सोयाबीनचे पाच छोटे ढीग: पलिष्ट्यांची पाच नगरे. त्यांच्या वर, उत्तरेला, सरकी: ते सोर, गलबतांचे आणि देवदाराच्या लाकडाचे राज्य. मध्ये डोंगरावर ज्वारी: इस्राएल. तिच्या खाली करडई: यहूदा. निळी दोरी म्हणजे यार्देन नदी, ताटलीतले मीठ म्हणजे क्षारसमुद्र. नदीपलीकडे तूर, मूग, बाजरी: अम्मोन, मवाब, अदोम. ईशान्येला हरभरा: अराम. आणि दोन टोकांना दोन लोखंडी घमेली पालथी घातलेली.

मास्तर साडेतीनला उभे राहिले. खांद्यावर उपरणे होते. तबल्यावर गावातला एक शिक्षक होता. पेटीची जागा रिकामी होती, पण तिथे घडी घातलेले जाजम अंथरले होते. सगळ्यांनी ते पाहिले होते.

"मंडळी," ते म्हणाले, आणि खोली इतकी शांत झाली की पत्र्यावर उतरलेल्या चिमण्यांची नखे ऐकू आली. "ही दोन घमेली कोण?"

"मिसर!" बायकांच्या बाजूने उत्तर आले. "हित्ती!"

"पालथी काहून घातली?"

"थकले म्हणून!"

"बराबर. खालचा मिसर, म्हणजे इजिप्त, थकला, वरचा हित्ती मोडला. मोठी झाडं पडली की खाली ऊन येतं. मंग काय उगवतं?"

"बारकी रोपं!"

"बारकी रोपं. हे सगळे बारके हायेत. शौल बारका, अम्मोनाचा राजा नाहाश बारका. पूर्वेचा मोठा अश्शूर अजून उठायचा हाय. तवर हे बारके एकमेकाच्या बांधावर बसलेत, एकमेकाच्या विहिरीवर नजर ठेवून." ते थांबले, पाणी प्यायले. "दावीदाचं राज्य केवढं? शिकलेले लोक अजून भांडत्यात. काही म्हणत्यात लई मोठं. काही म्हणत्यात जाफराबाद तालुक्याएवढं."

"मंग आमदार तरी होता का तो?" मागून एका म्हाताऱ्याने विचारले, आणि लोक हसले. मास्तरही हसले. त्यानंतर त्यांनी सोयाबीनच्या एका ढिगाला काठी लावली.

"हे गथ. इथं दावीद लपून राह्यला होता, माहीत हाय ना? शौल मारायला उठला तेव्हा आसरा कोणी दिला? गथच्या राजानं. शत्रूनं. आणि ह्याच गावातून आला इत्तय."

तिथपर्यंत पंचवीस मिनिटे झाली होती. आवाज घसरत होता. पद म्हणायचे तिथे ते नुसते बोलले. दावीद म्हातारा झाला आहे, मुलगा अबशालोम बंड करून उठला आहे, सगळे लोक मुलाकडे गेले आहेत, राजा अनवाणी यरुशलेम सोडून निघाला आहे. नगराच्या शेवटच्या घरापाशी तो उभा राहतो आणि आपल्याबरोबर कोण कोण आले ते बघतो.

मास्तर जाजमाकडे बघत उभे राहिले. तबला थांबला. दारात एक मोटारसायकल वाजली तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिले. ती पुढे निघून गेली.

"आख्यान इथंच थांबवतो," मास्तर म्हणाले.

असे कधी झाले नव्हते. कीर्तन अर्धे सोडत नाहीत. पुढे बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. "मास्तर, पुरं करा हो. कसं तरी करा. आम्ही ऐकतो."

"ज्याचं हाय तो न्हाई, आत्याबाई," मास्तर म्हणाले, उपरणे काढून त्यांनी त्याची घडी घातली आणि ते खाली बसले.

म्हातारी रडू लागली. इतरही काही जण. चर्चच्या पाळकांनी छोटी प्रार्थना केली. लोक नकाशाला वळसा घालून एकेक करून बाहेर पडले. रूथने खराटा घेतला आणि मिसरपासून अरामपर्यंत सगळे एका ढिगात लोटले. ते धान्य दरवर्षी कोंबड्यांना जाते.

सोमवार. भोकरदन ते संभाजीनगर

भोकरदनच्या बसस्थानकावर शिमोन उभा होता. पायजमा, स्वेटर, हातात कापडी पिशवी. आम्ही जीपमधून उतरलो तसा तो पुढे आला आणि त्याने काही न बोलता मास्तरांची वळकटी माझ्या हातातून घेतली.

"काका, तुम्ही?" रूथ म्हणाली.

"दवाखान्यात चढ-उतर कोण करील?"

"मी आहे ना. नर्स आहे मी."

"नर्स हायेस. हमाल न्हाईस." मग तो मास्तरांकडे वळला. "सलाम, मास्तर. मी दवाखान्याला आलोय, कीर्तनाला न्हाई. मनात काही धरू नका."

मास्तरांनी हात कपाळाला लावला.

गाडी भरलेली होती. मास्तर खिडकीशी, शेजारी शिमोन, पुढच्या बाकावर रूथ आणि हरभऱ्याच्या घाटे लगडलेल्या ढाळ्यांची पेंढी घेतलेली एक बाई, पलीकडे मी. कोणाच्या तरी मोबाईलवर गाणे चालू होते. गाव मागे पडल्यावर मास्तर शिमोनच्या कानाशी वाकले आणि बोलायला लागले.

"गप बसा, मास्तर," शिमोन म्हणाला. "आवाज राखून ठेवा."

"कशासाठी?" मास्तरांनी विचारले.

शिमोनने तोंड वळवले. रूथ पुढे बघत होती, तिचा खांदा हलला. मग मास्तरांनी पुढच्या बाकावर बोटाने टकटक केली आणि रूथकडे उपरणे मागितले.

"पप्पा, नको."

त्यांनी हात पुढे केलेलाच ठेवला. तिने पिशवीतून उपरणे काढून दिले. ते त्यांनी खांद्यावर टाकले आणि वरचा दांडा धरून उभे राहिले.

"आजोबा, बसून घ्या, पडताल," वाहक म्हणाला.

"मंडळी," मास्तर म्हणाले.

चार-पाच बाकांपलीकडे ते ऐकू गेले नसेल. ढाळेवाल्या बाईने वर पाहिले. मोबाईल चालूच होता. शिमोन खाली मान घालून बसला होता. मग त्याने तोंड न उघडता, गळ्यातून, एक लांब खालचा सूर धरला. पेटीने धरावा तसा, सरळ, न हलणारा. वाहकाने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा मास्तरांच्या उपरण्याकडे, आणि मागे ओरडला, "ए, ते गाणं बंद कर रे. कीर्तन चालू हाय इथं."

मास्तरांनी रविवारी जिथे सोडले होते तिथूनच धरले. राजा अनवाणी उभा आहे. समोर गथचा इत्तय येतो, पलिष्टी, बरोबर आपली माणसे आणि बायका-लेकरे घेऊन. राजा त्याला म्हणतो, तू परका आहेस, काल आलास, माझ्यामागे कशाला भटकतोस, परत जा. आणि इत्तय म्हणतो, मरण असो की जगणं असो, राजा जिथं असेल तिथं मी असेन.

"घरचे सोडून गेले," मास्तर म्हणाले. प्रत्येक शब्दाला ते थांबत होते. "सोबत राह्यला तो पलिष्टी. मंडळी, नऊ वर्षांमागं मी कीर्तनात एका माणसाला ते नाव घातलं. तो गाव सोडून गेल्ता, मला राग आल्ता, लोकाला हसवलं. पलिष्टी वाईट होते म्हणून मी नाव काढत न्हाई. हसायसाठी घातलं होतं म्हणून काढतो. ह्याचं नाव शिमोन हाय. तुम्ही साक्षीदार."

सूर तोपर्यंत चालू होता. मग थांबला.

"कोणाचं नाव काढलं?" ढाळेवाल्या बाईने रूथला विचारले.

"ते शेजारी बसलेत, त्यांचं."

बाईने शिमोनकडे नीट पाहिले. "मंग चांगलं झालं," ती म्हणाली आणि पेंढीतले दोन ढाळे काढून एक त्याला दिला, एक मास्तरांना. तिला हे कोणत्या देवाचे कीर्तन होते ते कळले नसावे. तिने विचारले नाही.

मास्तर बसले. शिमोन हरभऱ्याचे घाटे सोलून एकेक दाणा त्यांच्या हातावर ठेवत होता. "माझा राग गेला असं समजू नका," तो म्हणाला. "एवढ्यानं जात न्हाई."

मास्तरांनी मान हलवली. त्यानंतर संभाजीनगरपर्यंत ते बोलले नाहीत. दवाखान्यात नाव, वय, गाव रूथने सांगितले. मंगळवारी ते मला काही म्हणाले का हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. पाणी मागितले असावे. मी ऐकलेले त्यांचे शेवटचे पूर्ण बोलणे एसटीतले.

गुरुवार. पुन्हा भोकरदन

बुधवारी शस्त्रक्रिया झाली. गुरुवारी सकाळी मला आत सोडले. मास्तरांच्या गळ्यावर पट्टी होती आणि तिच्या मध्ये नळी. श्वास त्या नळीतून येत होता. रूथने घरून पाटी आणि पेन्सिल आणली होती, शाळेतली, लाकडी चौकटीची. त्यांचे अक्षर अजून फळ्यावरचे, गोल आणि मोठे. त्यांनी शिमोनसाठी एकच शब्द लिहिला: दुकान?

"बंद हाय," शिमोन म्हणाला. "बोंबलत असतील लोक."

मास्तर हसल्यासारखे झाले. या वेळी वाराही नळीतून गेला. शिमोन उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. तीन रात्री तो त्याच बाकावर झोपला होता. मी निघालो तेव्हा त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली. "मार्थाला द्या. म्हणावं, आणखी आठ दिवस तरी. लोकाचे कोयते आत पडलेत, ते तेवढे देऊन टाक म्हणावं."

म्हणून पुण्याला परतण्याआधी मी भोकरदनला गेलो. दुपार होती. पिवळ्या पाटीखाली शटर ओढलेले होते आणि समोर एक शेतकरी बायकोसह उभा होता. त्याच्या हातात बोथट कुऱ्हाड होती. बाईला मी ओळखले. रविवारी चर्चमध्ये ती बायकांच्या बाजूला बसली होती आणि तीही रडली होती. तिने मला ओळखले नाही.

"पलिष्टी कुठं गेलाय?" तिने शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारले.

"संभाजीनगरला. दवाखान्यात हाय."

"काय झालं त्याला?"

"त्याला न्हाई. त्याचं माणूस आजारी हाय."

"कोण?"

पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघू लागला. "नाव न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "पण दुकान टाकून गेलाय म्हणजे सख्खंच असंल कोणी."